कचरा कुणाच्या हाती?

प्रदूषण जात पाहत नाही, बाई-पुरुष पाहत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. धूर सगळ्यांच्याच नाकात जातो, हे मान्य. पण कचरा कुणाच्या हातात जातो? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तेव्हा कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. नुसत्या गरिबीने याचा उलगडा होत नाही. गरीब तर इतरही होते. जातीने हे काम वाट्याला घातले, बाई म्हणून दुसरी वाट अरुंद झाली, आणि शिक्षण नसल्याने तीही बुजली. शहराचे पुनर्वापराचे काम मात्र याच हातांनी, बिनपगारी, वर्षानुवर्षे चालवले.

जातीची आणि बाईपणाची अशी ओळख पुढे आणली तर पर्यावरणाची चळवळ फुटेल, ही शंका अगदीच निराधार नाही. पण घडले उलटेच. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी वेगळे करावे लागणाऱ्या बायकांनी बोलायला सुरुवात केली, तेव्हा तो प्रश्न आरोग्याचा आणि कचरा व्यवस्थापनाचाही ठरला. २०१६च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पॅडसोबत गुंडाळायला वेष्टन द्यावे, असे आले; कचरावेचकांची दखलही त्याच नियमांनी घेतली. वातानुकूलित बैठकीतल्या तज्ज्ञांना (त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही) हे सुचायला कठीणच होते. यंत्रे आणून ही कामे संपवा, असेही म्हणतात. जरूर आणा; फक्त त्या यंत्राची आणि ठेक्याची मालकी कुणाकडे, हे ठरवताना या बायका त्याच टेबलाशी बसलेल्या हव्यात.