गाणारे शेताकडे का पळाले?

शास्त्रपाठ : नहेम्या १३:१०-१३

वाद्य वाजवून किंवा रंगमंचावर उभे राहून पोट भरणाऱ्या माणसाविषयी आपल्या मंडळ्यांत एक प्रश्न नेहमी ऐकू येतो : "त्याचे पुढे काही झाले का?" म्हणजे नाव झाले का, घर बांधले का, टीव्हीवर आला का? या प्रश्नात यशाची एक व्याख्या दडलेली आहे. ती पवित्र शास्त्रातून आली की बाजारातून, हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमच्या बालाघाट जिल्ह्यात असा माणूस शोधायला दूर जावे लागत नाही. धानाची कापणी आटोपली की मंडया भरतात, दंडारी उभ्या राहतात. लग्नसराईत बँडवाल्यांना उसंत नसते. वैनगंगेच्या काठाने खाली उतरत गेले की झाडीपट्टी लागते. तिथे वडसा हे नाटक मंडळ्यांचे माहेर, आणि हिवाळ्यात गावोगावी रात्रभर नाटके चालतात. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आनंदाचीच गोष्ट. पण पेटी-तबल्यावर रात्री जागवणाऱ्या साथीदारांची नावे कोणाला ठाऊक आहेत? ते सगळे अयशस्वी म्हणायचे काय?

बरे, सन्मान मिळाला म्हणजे तरी सारे मिळाले का? तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांचा १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. २००२ साली त्या वारल्या त्या हलाखीत. रुग्णालयाचे बिलदेखील देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. आज महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने पुरस्कार देते. टाळ्या खऱ्या होत्या, पदकेही खरी होती. बाईंची कला कमी पडली असे कोणीही म्हणणार नाही. मग कमी पडले ते कोण?

नहेम्याच्या पुस्तकात याचे उत्तर आहे. यरुशलेमेच्या मंदिरात गाणाऱ्यांना रोजचा वाटा ठरवून दिलेला होता (११:२३). नहेम्या काही काळ राजाकडे गेला आणि परत येऊन पाहतो तो वाटा बंद झालेला, आणि लेवी व गाणारे आपापल्या शेताकडे पळून गेलेले. त्याने गाणाऱ्यांना बोल लावला नाही. तुमचा विश्वास उणा, तुमचे गाणे उणे, असे तो म्हणाला नाही. त्याने अधिकाऱ्यांना धारेवर धरले, गाणाऱ्यांना परत बोलावून त्यांच्या जागी उभे केले, लोकांकडून धान्य, द्राक्षारस व तेल यांचा दशमांश आणवला आणि वाटप करायला विश्वासू माणसे नेमली.

यावरून आम्हांस असे दिसते की कलावंताच्या यशाचे दोन भाग आहेत. पहिला त्याच्या हाती आहे. रियाज करणे, ठरल्या वेळी येणे, दिलेला शब्द पाळणे, बिदागी साथीदारांत न्यायाने वाटणे, शिष्याला हातचे न राखता शिकवणे. यात नावलौकिकाचा प्रश्नच येत नाही. दाविदाच्या काळी शिकून तयार झालेले गाणारे २८८ होते. त्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या, लहान-थोर, गुरू-शिष्य सारखेच (१ इतिहास २५:७-८). दाखल्यातल्या दोन हजारवाल्या दासालाही धन्याने पाच हजारवाल्याइतकीच शाबासकी दिली. दुसरा भाग मात्र ऐकणाऱ्यांच्या हाती आहे. त्याच्या घरची चूल पेटती राहावी, ही जबाबदारी आपली.

कोणी म्हणेल, प्रभूच्या सेवेचे पैसे कसले? सेवा फुकट अर्पण करणे फार थोर आहे, यात शंका नाही. पण ते अर्पण ज्याचे त्याने करावयाचे असते. दुसऱ्याच्या घामाचे अर्पण आपण परस्पर जाहीर करू शकत नाही. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, असे प्रभूने स्वतः शिष्यांना सांगितले (लूक १०:७). आणखी कोणी म्हणेल, वरातीत वाजवणारा हात उपासनेत कशाला? आम्ही उलट विचारतो : शनिवारच्या वरातीत त्याने प्रामाणिकपणे घाम गाळून पोरांच्या शाळेची फी भरली, तर रविवारी त्याच हाताने ढोलकी धरायला अडचण कोणती? शेतकऱ्याला आपण असे विचारत नाही, कारकुनालाही नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. आसाफ आणि हेमान यांचा धडा शिकवताना मुलांना त्यांच्या गाण्याबरोबर त्यांच्या भाकरीविषयीही सांगा. वर्गात एखादा बँडवाल्याचा मुलगा असेल, तर त्याला आपल्या बापाच्या कामाची लाज वाटणार नाही.

आणि येत्या नाताळात कार्यक्रम संपल्यावर, वाहवा करण्याआधी, पंचांनी एवढे विचारावे : ढोलकीवाला जेवला का? त्याच्या बसभाड्याचे आणि आजच्या बुडालेल्या मजुरीचे काय? त्याचे पुढे काही झाले का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच येतो.