वय लपविणारी गाडी

जुन्या वस्तूवर नवें रूप चढविणें यांत कांहीं नैतिक दोष आहे काय? प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. भिंतीला रंग देणाऱ्याला किंवा केसांना कलप लावणाऱ्याला न्यायासनापुढें उभें करावें, असें कोणी म्हणत नाहीं. परंतु क्षुल्लक उदाहरणांत मोठे प्रश्न पुष्कळदां अधिक निर्मळपणें दिसतात. कारण तेथें आपले रागलोभ आड येत नाहींत. म्हणून मी येथें एका मोटारगाडीचें उदाहरण घेतों.

जर्मनींतील श्टुटगार्ट येथील पोर्शे कंपनीनें १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत शर्यतीच्या धर्तीची एक नवी गाडी मांडली. तिचें नांव ९०१ होतें. पण मध्यें शून्य असलेल्या तीन आंकडी नांवांवर फ्रान्समधील प्यूजो कंपनीनें हक्क सांगितल्यामुळें तें ९११ करावें लागलें. या गाडीचा बांधा पुढें कित्येक वर्षें जवळजवळ तोच राहिला. बदलत गेले ते तपशील. अमेरिकेंत ताशी ५ मैलांची धडक सोसणाऱ्या बंपरांचा नियम झाला, तेव्हां १९७४ च्या नमुन्यापासून तिला जाड बंपर आले. १९८९ च्या ९६४ या नमुन्यांत ते गुळगुळीत होऊन अंगाशीं एकजीव झाले. सख्ख्या बहिणींइतकें साम्य असल्यामुळें धाकटीचा पोशाख थोरलीला चढविणें कठीण नव्हतें. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गाडी घ्यावी, पत्रे कापून चाकांवरच्या कमानी रुंद कराव्या, फायबरग्लासचे नवे बंपर बसवावे, कीं गाडीचें वय उतरलें! युरोप-अमेरिकेंत अशा गाड्या पुष्कळ झाल्या.

यांत कोणाचें नुकसान झालें? नवी म्हणून जुनी गाडी विकणारा मनुष्य लबाड आहे, याविषयीं वाद नाहीं. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक त्याला खोटा पाडतो, आणि तो क्रमांकही बदलणारा तर उघड गुन्हेगारच होय. पण मालक कोणालाच फसवीत नसेल, विचारणाऱ्याला खरें साल सांगत असेल, तर?

त्याच्या बाजूनें एक जुना युक्तिवाद मांडतां येईल. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु यवन राजा मिलिंद याला विचारतो कीं, रथाचा आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें. रथ हें अवयवांच्या जुळणीला दिलेलें केवळ नांव आहे, असा त्याचा निष्कर्ष. मग आमचा मालक म्हणेल, “जिला स्वतःचें असें कांहीं सत्त्वच नाहीं, त्या गाडीचा मीं अपराध केला तरी कोणता?”

हा युक्तिवाद चतुर आहे, परंतु तो हवें तेवढें सिद्ध करीत नाहीं. रथ हें केवळ नांव असलें, तरी त्या नांवावर विश्वास ठेवूनच राजा रथांत बसून आला होता. आपला सगळा व्यवहार अशाच नांवांवर चालतो. रूप हेंही एक प्रकारचें बोलणें आहे. ९६४ चें रूप पाहणाऱ्याला कांहीं सांगतें: या गाडीखालीं पीळ खाऊन भार पेलणाऱ्या जुन्या पोलादी दांड्या नसून नव्या पद्धतीच्या गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. जुन्या गाडीवर बसविलेला नवा बंपर हेंच सांगतो, पण त्याच्यामागें तें नसतें. १९६९ च्या नमुन्यापासून कंपनीनें पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ५७ मिलिमीटरांनीं वाढविलें. त्यापूर्वींच्या गाडीला वाटेल तो मुखवटा घाला, तिचीं चाकें आपल्या जुन्या जागींच राहतात. जाणत्याच्या दृष्टीला तेवढें पुरतें. अजाणत्याला मात्र मालक आपल्या मौनानें फसवीतच असतो.

पण याहून मोठी गोष्ट काळानें शिकविली. १९७३ च्या कॅरेरा आर. एस. या नमुन्याच्या ५०० गाड्या करावयाच्या योजून १,५८० कराव्या लागल्या. तिच्या आणि तिच्या भावंडांच्या रूपाला आज इतकें मोल आलें आहे कीं, प्रवाह उलटा वाहूं लागला. लॉस एंजेलिस येथें २००९ सालीं निघालेली सिंगर ही संस्था १९८९ ते १९९४ च्या ९६४ गाड्या घेऊन त्यांना जुनें रूप देते. ज्यांनीं एके काळीं जुने पत्रे कापून भंगारांत टाकले, त्यांच्या नंतरचे मालक आज तेच पत्रे शोधीत फिरतात. कापलेला पत्रा मात्र परत येत नाहीं.

यावरून नवेपणाचा मोह वाईट आणि जुनेपणाचा चांगला, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. दोन्ही मोह एकाच जातीचे आहेत. आपण ज्या काळांत आहों त्याची लाज दोन्हींच्या मुळाशीं असूं शकते. तसेंच प्रत्येक बदलाला दोषही देतां येत नाहीं. सबंध सांगाड्याला जस्ताचें कवच १९७६ च्या नमुन्यापासून आलें. त्याआधींच्या गाडीचा पत्रा गंजून गेला, आणि हातांत पैसे थोडे असतां मिळाला तो नवा भाग मालकानें बसविला, तर त्याला मी दोष देणार नाहीं. गाडी चालण्यासाठीं असते, समाधि म्हणून जपण्यासाठीं नव्हे.

मग विवेक कोठें करावा? मला वाटतें, दोन ठिकाणीं. पहिलें हें कीं, रूप जें सांगतें तें खरें नसेल, तर तोंडानें खरें सांगण्याचें ओझें मालकावर पडतें. कोणी विचारण्याची वाट त्यानें पाहूं नये. दुसरें असें कीं, आपण वस्तूचे शेवटचे धनी नसतों. जें परत जोडतां येणार नाहीं तें कापण्यापूर्वीं पुढच्या मालकाचाही विचार करावयास हवा, कारण त्याची आवड काय असेल हें आपल्याला ठाऊक नसतें. निदान काढलेला भाग जपून ठेवणें तरी आपल्या हातीं आहे.

हें लिहीत असतां मला माझ्याच आरशाची आठवण झाली. गेलीं दहा वर्षें मी केसांना कलप लावीत आहें. अजून कोणी वय विचारलें तर मी खरें सांगतों. पण विचारलें नाहीं, तर बरें वाटतें. गाडीच्या मालकाला वर जें सांगितलें, तें मलाही लागू पडतें, हें कबूल केलें पाहिजे.