परतलेल्या यानावरच्या खुणा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे रांगेनं सरकत गेले. अकोला, बुलडाणा, नागपूर, सगळीकडे माणसं अंगणात आली. इकडे अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरकडेही तोच प्रश्न होता : "हे काय पडून राह्यलं बाप्पा?" त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा तो निकामी टप्पा असल्याचं पुढे अभ्यासकांनी ओळखलं.

कक्षेतून परतणाऱ्या प्रत्येक वस्तूला या आगीतून यावं लागतं. ताशी सुमारे २८,००० किलोमीटरचा वेग हवेत मोडायचा, म्हणजे तेवढी ऊर्जा उष्णतेत जाणार. त्यातून माणूस जिवंत उतरवायचा हा पहिला प्रश्न होता. तेच यान धुऊनपुसून पुन्हा उडवायचं हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा पैशांवर येऊन थांबते. मला त्याची दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते : परतलेलं यान अंगावर खुणा घेऊन येतं, आणि पुढच्या खेपेच्या माणसांचा जीव त्या खुणा कोण कशा वाचतं यावर अवलंबून असतो.

सुरुवातीच्या यानांना पुन्हा उडण्याचा प्रश्नच नव्हता. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन ज्या व्होस्टोकमधून परतला, त्याचं कवच जळत जळतच उष्णता वाहून नेत असे. अपोलोचंही तसंच. एक फेरी झाली की यान संग्रहालयात. ५ जानेवारी १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी स्पेस शटलला मंजुरी दिली, तेव्हा ही उधळपट्टी थांबवायची होती. विमानासारखं जायचं आणि विमानासारखं यायचं. दर आठवड्याला एक उड्डाण, इतकी मोठी स्वप्नं रंगवली गेली. प्रत्यक्षात १९८५ या सर्वांत धावपळीच्या वर्षीही ९ उड्डाणं झाली.

शटलला जळून जाणारं कवच चालणार नव्हतं. म्हणून वाळूतल्या सिलिकाचे तंतू घेऊन फरश्या बनवल्या. त्यात बहुतेक जागा हवेचीच. भट्टीतून लालभडक काढलेली फरशी कडांना धरून उघड्या हातानं उचलता येई, इतकी ती उष्णतेची मंद वाहक. पण ठोकर लागली की टवका उडणार. कोलंबिया या शटलवर अशा तीसेक हजार फरश्या होत्या. प्रत्येकीचा आकार वेगळा, क्रमांक वेगळा, आणि प्रत्येक फेरीनंतर हातानं तपासणी. गागारिनच्या उड्डाणानंतर बरोबर वीस वर्षांनी, १२ एप्रिल १९८१ रोजी, जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन यांना घेऊन कोलंबिया उडालं. पहिल्या चार उड्डाणांत वैमानिकांना बाहेर फेकणारी आसनं होती. पुढे ती काढली. यान आता नित्याच्या वापराचं झालं, अशी समजूत त्यामागे होती. ही समजूत मला शटलच्या कथेतली सगळ्यात धोकादायक गोष्ट वाटते.

शटलचे दोन घन-इंधन बूस्टर पॅराशूटनं समुद्रात उतरत. ते ओढून आणायचे, खोलायचे, पुन्हा भरायचे. त्यांच्या पोलादी खंडांच्या सांध्यात आतला वायू अडवायला रबराच्या कड्या असत, जाडी जेमतेम ७ मिलिमीटर. १९८१ च्या दुसऱ्याच उड्डाणानंतर एक कडी झिजलेली सापडली. जानेवारी १९८५ मध्ये थंडीतल्या उड्डाणानंतर सांध्यात काजळी दिसली. म्हणजे गरम वायू पहिली कडी ओलांडून पुढे आला होता. बूस्टर परत आले नसते, तर हे कुणाला कळलंच नसतं. कळलं, नोंदलं गेलं, आणि उलटं वाचलं गेलं. एके ठिकाणी कडी एक तृतीयांश झिजली होती, त्यावरून तीनपट सुरक्षितता शिल्लक आहे असा हिशेब मांडला गेला. मुळात त्या कडीनं झिजायचंच नव्हतं.

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर आहे. मोठ्या पुरात पाणी तटाला लागतं. पूर ओसरल्यावर तटावरची ओल पाहून भिंत भक्कम आहे असं म्हणता येतं, आणि पाणी इथवर पोचलं असंही म्हणता येतं. नासाच्या व्यवस्थापनानं चार वर्षं पहिलंच म्हटलं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीचे अभियंते रॉजर बॉइजोली आणि सहकारी इतक्या थंडीत उडवू नका म्हणून भांडले. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर शटल ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कडीचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून तिची लवचिकता गेलेली दाखवली, ते सर्वांना आठवतं. त्यांच्या परिशिष्टातला दुसरा मुद्दा जास्त जड आहे : अपघाताची शक्यता व्यवस्थापन लाखात एक सांगत होतं, अभियंते शंभरात एकच्या आसपास.

एवढं होऊनही तेच पुन्हा घडलं. डिसेंबर १९८८ मध्ये अटलांटिस परतलं तेव्हा सातशेहून अधिक फरश्या जखमी होत्या आणि एक तर जागेवर नव्हतीच. नेमकी तिच्याखाली अँटेनाची जाड धातूची पट्टी होती, म्हणून आग आत शिरली नाही. इंधनाच्या बाहेरच्या टाकीवरचा उष्णतारोधक फेस सुटून यानावर आदळणं मात्र हळूहळू देखभालीचा विषय होऊन बसलं. १६ जानेवारी २००३ रोजी पाऊण किलोच्या आसपासचा असाच तुकडा कोलंबियाच्या डाव्या पंखाच्या कडेवर बसला. अभियंत्यांनी कक्षेतल्या यानाची छायाचित्रं मागितली, ती घेतली गेली नाहीत. १ फेब्रुवारीला कल्पना चावलांसह सात जण टेक्सासच्या आकाशात गेले. त्या बातमीनं इथली घरंच्या घरं सुन्न झाली होती. शटलची १३५ उड्डाणं २०११ मध्ये संपली, त्यांत दोन यानं आणि चौदा माणसं गमावली होती.

त्यानंतर कल्पना बदलली. पंख गेले, कुपी परत आली, आणि ती रॉकेटच्या टोकावर बसली, म्हणजे वरून काही आदळायचा प्रश्नच नाही. संकटात कुपीला दूर नेणारी इंजिनं आली. पण वापरलेल्या यानाचा स्वभाव तोच राहिला. २० एप्रिल २०१९ रोजी, एक मोहीम करून आलेली स्पेसएक्सची निर्मनुष्य ड्रॅगन कुपी जमिनीवरच्या चाचणीत फुटली. गळतीतून भलत्या नळीत गेलेलं द्रव टायटॅनियमच्या झडपेवर जोरानं आदळून पेटलं होतं. झडप बदलली, आणि एप्रिल २०२१ मध्ये एकदा वापरलेली कुपी प्रथमच माणसांना घेऊन गेली.

आपल्या शुभांशु शुक्लांच्या उड्डाणात हा प्रश्न थेट आपल्या दारात आला. जून २०२५ मध्ये अ‍ॅक्सिऑम-४ साठी निवडलेला बूस्टर आधी एकदा उडून आलेला होता. चाचणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती दिसली. ती मागच्या खेपेच्या परतीतही दिसली होती आणि दुरुस्तीत पूर्ण बुजली नव्हती. ११ जूनचं उड्डाण थांबलं. गळती काढल्याशिवाय पुढे जायचं नाही असा आग्रह इस्रोच्या लोकांनीही धरला. २५ जूनला यान गेलं, १५ जुलैला शुक्ला सुखरूप उतरले. लांबलेल्या तारखांवर तेव्हा वैतागणारे खूप होते. माझ्या लेखी त्या मोहिमेतलं सर्वांत कौतुकाचं काम ते थांबणं आहे.

आपल्याकडे वालचंदनगर आणि पवईच्या कारखान्यांत इस्रोच्या घन-इंधन बूस्टरची पोलादी कवचं बनतात. गगनयानासाठी हाच बूस्टर मानवी उड्डाणाच्या कसोटीला उतरवताना खंडांच्या सांध्यांना जादा सुरक्षा दिली गेली, आणि १३ मे २०२२ रोजी श्रीहरिकोट्याला त्याची चाचणी झाली. पंखांच्या यानाच्या उतरण्याच्या चाचण्या चित्रदुर्गला झाल्या. मार्च २०२४ मध्ये धावपट्टीवर उतरलेलं 'पुष्पक' कोणताही बदल न करता जूनमध्ये पुन्हा उतरवलं गेलं. हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटरवरून सोडलं, ताशी ३२० किलोमीटरहून जास्त वेगानं ते जमिनीला टेकलं. त्यात माणूस नव्हता आणि कक्षेतून येण्याची आगही नव्हती. पुढची पायरी कक्षेतून उतरण्याची आहे. तिथून पुष्पकची भावंडं परततील तेव्हा त्यांच्या अंगावर काय काय दिसलं, कोणती फरशी तडकली, कोणता सांधा काळवंडला, हे इस्रोनं लोकांसमोर ठेवावं. चॅलेंजर आणि कोलंबियाचे चौकशी अहवाल बाळापुरात बसून कुणालाही वाचता येतात. आपल्या यानांचेही तसेच वाचता आले पाहिजेत, आणि तेही अपघाताची वाट न पाहता.