कठडा की कुलूप?

निराधार वृद्धांना किंवा पोरक्या मुलांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या माणसास, "रात्री तुमच्या घराच्या दाराची किल्ली कोणाजवळ असते?" असे विचारणे उचित आहे काय? पुष्कळांस हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो. ज्यांना पोटच्या पोरांनी टाकले त्यांना जो जेवू घालतो, त्याची तपासणी करणारे आपण कोण, असे ते म्हणतात. आम्हांस मात्र वाटते, की हा प्रश्न विचारला पाहिजे. आणि तो परक्यांनी विचारण्यापूर्वी मंडळीने स्वतःस विचारला पाहिजे.

हा विषय आपल्या भागास नवा नाही. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. भाषेने आपण मराठी, राज्याने मध्य प्रदेशचे. मुले शिकतात, नागपूर-पुण्याकडे नोकरीस जातात, आणि संत्र्याच्या बागेत राबलेली म्हातारी माणसे मागे राहतात. मग कोणाची तरी सोय कोठेतरी करावी लागते; कधी येथे, कधी सीमेपलीकडे नागपुरात. 'सोय झाली' या दोन शब्दांवर कुटुंबाचे मन शांत होते. ती सोय कशी आहे, हे पाहण्यास कोण जातो?

येथे प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. सौंसरच्या बाजारात व्यापारी संत्री घेतो तेव्हा फळ उलटेपालटे करून पाहतो. डाग असला तर बाजूस ठेवतो. त्यास निवड करता येते. प्रवाशास एक धर्मशाळा आवडली नाही तर तो दुसरीकडे उतरतो. परंतु आश्रमातील अंथरुणास खिळलेली आजी, बोलता न येणारे मतिमंद मूल, यांस निवड नाही. त्यांना उठून जाता येत नाही. आणि ज्याच्या हातून भाकरी मिळते त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य कोणास होते? जेथे माणसास निवड उरत नाही तेथे त्याच्या वतीने नियम उभा राहावा लागतो. नियम म्हणजे दात्यावर अविश्वास नव्हे. ज्यास आवाज नाही त्याचा तो आवाज आहे.

हा आवाज नसला म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे मनोरुग्णांच्या एका खाजगी निवासास आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांस पळता आले नाही. २८ जीव गेले. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहातील हाल २०१० साली वर्तमानपत्रांतून उघडकीस आले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली आणि राज्यातील अशा संस्था पाहण्यासाठी समिती नेमली. पुढे २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोली येथील संस्थेतील मुलींवरचे अत्याचार बाहेर आले, आणि २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थेच्या चालकास दोषी ठरविले. बाहेरची माणसे आत गेली, मुलींशी बोलली, तेव्हा हे कळले. त्या घरांच्या पाट्यांवरही सेवा आणि कल्याण हेच शब्द होते.

"पण त्या वाईट लोकांच्या गोष्टी झाल्या, आमच्या घरात तसे नाही," असे कोणी म्हणेल. खरे असेल. परंतु आग भल्याबुऱ्याचा भेद करीत नाही. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात बालकांच्या कक्षास आग लागली आणि १० बालके दगावली. अशा प्रसंगी हेतू किती चांगला होता हे कामास येत नाही. दार कोठे आहे, जागे कोण आहे, आणि बाहेर कसे काढायचे, एवढेच कामास येते.

पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा. न केला आणि कोणी पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. घरमालकाने कोणास ढकलले नाही, त्याच्या मनात काही वाईट नव्हते. तरी दोष येतो. का? कारण पडणे शक्य आहे हे त्यास ठाऊक होते, आणि टाळणे त्याच्या हाती होते.

या आज्ञेत आणखी एक मर्म आहे. धाब्यावरून कोणी पडू नये म्हणून दोन उपाय करता येतात. एक, कठडा बांधणे. दुसरा, जिन्याच्या दारास कुलूप लावणे. कुलूप स्वस्त आहे. पण कुलपाने माणूस धाब्यावर जाऊच शकत नाही. कठड्याने तो जातो, वारा घेतो, आणि सुखरूप खाली येतो. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण काय करतो, हे तपासण्याची ही कसोटी आहे. भ्रमिष्ट आजोबा रात्री उठतात म्हणून त्यांस खाटेस बांधणे हे कुलूप. खाट ठेंगणी करणे, मोरीच्या वाटेवर दिवा ठेवणे, आणि एक माणूस जागा ठेवणे हा कठडा. कुलपाने सांभाळणाऱ्याची झोप सांभाळली जाते. कठड्याने म्हाताऱ्याचा जीव आणि मान दोन्ही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास बंदी केली, तीमागे हेच तत्त्व दिसते.

कायद्याने बरेच सांगून ठेवले आहे. मुलांच्या प्रत्येक निवासाची नोंदणी २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सक्तीची केली. न केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखाहून कमी नाही इतका दंड, किंवा दोन्ही. दर तीन महिन्यांतून निदान एकदा तपासणी समितीने भेट द्यावी, तीत किमान तीन सदस्य असावेत, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा, असेही त्यात आहे. निजण्याच्या खोलीत दर मुलामागे सुमारे ४० चौरस फूट जागा नियमांनी धरली आहे. वृद्धांविषयीच्या २००७ च्या कायद्यात दर जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी एक निवास असावा अशी कल्पना आहे, आणि त्याचा दर्जा कसा असावा हे ठरविण्याचे काम राज्याकडे दिले आहे.

आता खरा कठीण प्रश्न येतो. समजा, पांढुर्ण्यातील एखाद्या सद्गृहस्थाने वडिलोपार्जित घरात बारा वृद्धांची सोय केली आहे. पाच जण माडीवर, जिना अरुंद. गॅसचे सिलिंडर जिन्याखाली. रात्री एकच बाई. बाहेरच्या दारास कुलूप, आणि किल्ली मालकाच्या खिशात, दुसऱ्या गल्लीत. सर्वांची औषधे एकाच डब्यात. अधिकारी आला आणि म्हणाला, हे बंद करा. मग ते बारा जण कोठे जातील? रेल्वेच्या फलाटावर? अशा वेळी काही म्हणतात, नियम तो नियम. काही म्हणतात, गरिबांच्या घरास नियम लावू नका. आमच्या मते दोन्ही उत्तरे बारा जणांना विसरतात. पहिले त्यांना रस्त्यावर काढते. दुसरे त्यांना सांगते, की फुकटच्या जिवाची किंमत कमी असते.

तिसरी वाट अशी, की कोणता दोष जीव घेणारा आहे हे आधी पाहावे. सिलिंडर जिन्याखालून हलविण्यास पैसा लागत नाही. किल्ली दाराजवळच्या खिळ्यास आतून टांगण्यास पैसा लागत नाही. चालता न येणाऱ्यांस माडीवरून खाली आणणे, प्रत्येकाची औषधे वेगळ्या पुडीत नाव घालून ठेवणे, कोणी काय घेतले हे वहीत लिहिणे, यांस पैसा नव्हे, लक्ष लागते. हे आजच व्हावे. दुसरा जिना, रात्रीचा दुसरा माणूस, विजेची नवी तार यांस पैसा लागतो. त्यास मुदत द्यावी, आणि तेथे मंडळीने हात पुढे करावा. आणि जागा आठांचीच असेल, तर तेराव्यास 'नाही' म्हणण्याचे धैर्यही असावे. दाराशी आलेल्यास नाकारणे ही निर्दयता वाटते. परंतु त्यास आत घेऊन तेराही जणांस धोक्यात घालणे ही दया नव्हे. नाकारताना मात्र दार लावून घेऊ नये. त्याची दुसरी सोय पाहावी.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे आठवते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्याच मध्य प्रांतात आल्या आणि येथील अनाथ मुली घेऊन गेल्या. पुण्यात प्लेगमुळे एका घरात माणसे किती असावीत यावर सरकारी निर्बंध आले, तेव्हा त्यांनी केडगाव येथे आधीच घेतलेल्या जमिनीवर मुलींची व्यवस्था केली. निर्बंधामुळे मुली सोडल्या नाहीत, आणि मुलींसाठी गर्दीही केली नाही. त्याच १८९७ साली पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची व्यवस्था कशी होती, याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघडपणे लिहिले. सरकारने ते नाकारले. तरी आश्रय देणाऱ्या संस्थेस जाब विचारणे हे आश्रितांवरील प्रेमाचेच काम आहे, हे बाईंनी दाखविले.

काही वाचक म्हणतील, तपासणी म्हणजे कागद आणि चहापाणी. असे घडते, हे नाकारता येत नाही. परंतु वाईट तपासणीवर उपाय तपासणी नको म्हणणे हा नव्हे. अधिक डोळे हा आहे. शिवाय आपल्याकडे एक अडचण आहे. अधिकाऱ्याची हिंदी आणि खाटेवरील आजीची मराठी, यांत आजीचे म्हणणे हरवते. तिच्या भाषेत, मालक जवळ नसताना, तिच्याशी बोलणारे कोणीतरी हवे. हे काम मंडळीतील दोन बहिणी करू शकतात. महिन्यातून एकदा, वार न ठरवता. नागपुरात ठेवलेल्यांकडेही कोणी जावे. राज्याची सीमा कागदपत्रांस आडवी येते, भेटीस येत नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट संडे स्कूलमध्ये आपण दरवर्षी सांगतो. जखमा बांधल्या, जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, येथे आपण बहुधा थांबतो. शिक्षकांनी पुढचा भाग मुलांस अवश्य सांगावा. त्याने खर्चासाठी पैसे दिले, आणि मी परत येईन, अधिक लागले तर भरीन, असेही सांगितले. उतारशाळेच्या रक्षकास त्यात अपमान वाटल्याचे दिसत नाही. पैसे देणारे पुष्कळ असतात. परत येणारे थोडे. प्रेषितांची कृत्ये यांत विधवांच्या रोजच्या वाटपाविषयी कुरकुर उठली, तेव्हाही प्रेषित रागावले नाहीत. त्यांनी सात जण नेमून व्यवस्था सुधारली.

नियम पाळल्याने घर प्रेमळ होत नाही, हे खरे. सर्व कागद पुरे असून घर थंड असू शकते. नियम हा पाया आहे, छप्पर नव्हे. पण पायाशिवायच्या छपराखाली कोणी कोणास निजवू नये. येत्या महिन्यात आपल्या परिसरातील अशा एखाद्या घरी फळे घेऊन जाल तेव्हा, वाचकहो, फळे दिल्यावर क्षणभर थांबा, आणि दाराची किल्ली कोठे टांगली आहे ते पाहा.