मुंगीचे दुसरे पोट



नीतिसूत्रांच्या 6 व्या अध्यायात आळशी माणसाला मुंगीकडे पाठवले आहे. आपण मात्र मुंगी दिसली की औषधी खडूची रेघ ओढतो. आज मिस्साहून घरी गेल्यावर मुलांना घेऊन परसात बसू या. जमिनीवर गुळाच्या पाण्याचा एक थेंब ठेवू या. मुंग्या बरणीत कोंडायला नकोत; राणीवाचून त्यांचा संसार टिकत नाही.

एक मुंगी येईल, पोटभर पिईल आणि वारुळाकडे वळेल. आपली भुकेली बहीण भेटली की दोघी तोंडाला तोंड लावतील. त्या कानगोष्टी करत नाहीत. पहिली दुसरीला घास भरवत असते. देवाने मुंगीला दोन पोटे दिली आहेत. पहिल्यात साठवलेले अन्न ती बहिणींना आणि पिलांना वाटते. स्वतःपुरते तेवढे मागच्या पोटात जाते.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत दूरदूरहून माणसे पोटासाठी येतात. रात्रपाळी करून भाड्याच्या खोलीत एकटी राहतात. त्यांतला कुणी तापाने पडला, तर त्याला पेजेची वाटी कोण देतो? आपण वेदीजवळ जाऊन पवित्र भाकर स्वीकारतो. ती काय फक्त आपल्याच पोटासाठी?

या आठवड्यात एक डबा जास्त भरू या. शेजारच्या खोलीची कडी वाजवू या, त्या भावाचे नाव विचारू या.

हे प्रभो, आम्हालाही ते दुसरे पोट दे. आमेन.