सोडण्याआधी लिहिणे

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला वित्तीय लेखांकन शिकायला बसलेला विद्यार्थी पहिल्यांदा अडखळतो तो घसाऱ्यापाशी नाही, भांडवलापाशी. कोणी पदरचे पाच लाख रुपये घालून दुकान टाकतो आणि ताळेबंदात ते पाच लाख देण्यांच्या बाजूला जाऊन बसतात. पैसे स्वतःचे, मग देणे कोणाचे? पुस्तक एका वाक्यात उत्तर देते: हिशेबापुरते व्यवसाय आणि मालक वेगळे आहेत, म्हणून व्यवसाय हा मालकाचा देणेकरी. त्याच मालकाने गल्ल्यातून घरच्या किराण्याला हजार रुपये काढले तर ती 'उचल' म्हणून त्याच्या नावे पडते. पुण्याजवळच्या दापोडीहून पिंपरीच्या किंवा खडकीच्या कॉलेजात जाणारा मुलगा हा नियम परीक्षेपुरता पाठ करतो, टॅली शिकतो, जीएसटीची विवरणपत्रे भरायला शिकतो आणि भोसरी-चाकणकडच्या एखाद्या कारखान्यात अकाउंट्सला लागतो. यात गैर काही नाही. विषय त्यासाठीच ठेवलेला आहे. पण 'हे माझे' असे म्हणण्याआधी माणसाला थांबवून 'हे कोणाचे देणे?' असे विचारायला लावणारा नियम धर्मचिंतनाला परका कसा असेल? आपल्याकडे समज असा की हिशेब हा संसाराचा प्रांत आणि त्याग हा परमार्थाचा. एकाची हद्द संपली की दुसऱ्याची सुरू. मला हा समज उलटा वाटतो. आपले किती, दुसऱ्याचे किती आणि आपण कोणाचे किती लागतो हे लिहून काढल्याशिवाय त्याग, दान, क्षमा यांतले काहीही प्रामाणिकपणे करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप सोपा आहे: लेखापालनातल्या एका तांत्रिक सोयीवर अध्यात्म कशाला लादायचे? व्हेनिसमध्ये 1494 साली द्विनोंदी पद्धतीवरचे पहिले छापील विवेचन प्रसिद्ध करणारा लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन संन्यासी होता आणि वहीच्या आरंभी देवाचे नाव लिहावे असे त्याने सांगितले, किंवा आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. खोट्या वहीवरही 'श्री' लिहिलेला असतो. पुरावा दुसरीकडे आहे. तैत्तिरीय संहिता ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो असे सांगते, म्हणजे जन्माची सुरुवातच देण्याच्या बाजूने होते. धर्मशास्त्रकारांनीही ऋण ही नुसती उपमा ठेवली नाही. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य ठरवले, दारू आणि जुगारापायी झालेले कर्ज त्यातून वगळले, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये म्हणून दामदुपटीचा नियम घातला. इंग्रजी आणि नंतर भारतीय न्यायालयांनी हे पुत्रकर्तव्य वसुलीच्या दाव्यांत मानले. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरते ते संपले. ज्या परंपरेने मोक्षाची भाषा आणि वसुलीची भाषा इतकी वर्षे एकाच तोंडाने बोलून दाखवली, तिच्यात लेखांकन बाहेरून आणून बसवावे लागत नाही.

एकनाथांची पैची गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक असते. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेबाचे काम करताना एका पैचा फरक लागेना, नाथ रात्रभर वह्या चाळत बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर किती होईल! कीर्तनात या गोष्टीचा शेवट 'हिशेब सोड, देवाला लाग' असा होतो. गोष्टीत मात्र स्वामींनी त्या रात्रीला वाया गेलेली रात्र म्हटलेले नाही. तीच नजर मोठ्या वहीकडे वळव असे ते सुचवतात. आजचा विद्यार्थी तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळली नाही की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून पुढे जातो, आणि पुस्तक त्याला तशी मुभाही देते. नाथांनी ती पै कुठेही लपवून ठेवली नाही. याच धड्यात आणखी एक गोष्ट शिकवतात, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही: तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा असे नाही. व्यवहार नोंदवायचाच राहिला, किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तर दोन्ही बाजू छान जुळतात. 2009 साली सत्यम कॉम्प्युटरच्या ताळेबंदातली पाच हजार कोटींहून अधिक रक्कम जागेवर नसल्याचे उघड झाले. बाजू तोपर्यंत जुळतच होत्या. आपले आचरण आतून सुसंगत आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्या सज्जनांनी हा धडा जरूर वाचावा.

पण माझ्या म्हणण्याचा खरा आधार देहूला आहे. तुकोबांचे घराणे महाजनांचे; दुकान आणि सावकारी घरात होती. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बसला, घरातली माणसे गेली. नंतर त्यांनी लोकांकडच्या येण्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. हे सगळ्यांना आठवते. त्याच कथेतला दुसरा तपशील मात्र घाईने सांगितला जातो: कागद बुडवण्यापूर्वी त्यांचे दोन वाटे झाले, निम्मे धाकट्या भावाचे, कान्होबाचे, आणि तुकोबांनी बुडवले ते फक्त आपल्या वाट्याचे. विरक्तीच्या भरात सगळीच पेटी पाण्यात लोटली असती तर ऐकणाऱ्याला ते अधिक भव्य वाटले असते. पण मग ती चोरी झाली असती, कारण भावाचे येणे सोडून देण्याचा अधिकार तुकोबांना नव्हता. वाटणी ही हिशेबाची कृती आहे आणि ती त्यागाच्या आधी आलेली आहे; कोण ऋणको, किती बाकी, त्यात आपला हिस्सा कोणता, हे कागदावर नसते तर बुडवायला हातात काही आलेच नसते. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी बुडीत कर्जाची नोंद शिकतो तेव्हा तोही हेच शिकतो. येणे रद्द केले की ते हवेत विरत नाही. नफा-तोटा खात्यातून फिरून शेवटी मालकाच्या भांडवलातून वजा होते. सोडलेल्या प्रत्येक रुपयाचा भार कोणीतरी उचलतो, आणि तो स्वतः उचलला असेल तरच सोडणाऱ्याला दाता म्हणायचे. दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, म्हणून तेच उदाहरण घेतो. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. पण एसटीच्या वहीत ही सवलत म्हणजे सरकारकडून येणे आहे, आणि ते हाती पडेपर्यंत सरकारचे औदार्य महामंडळाच्या खिशातून चाललेले असते. फलकावर फोटो कोणाचा आणि नोंद कोणाच्या नावे, हे वेगवेगळे वाचता येणे ही नैतिक दृष्टी आहे, आणि ती प्रवचनापेक्षा खतावणीतून लवकर येते.

भक्तिमार्गाचा माणूस इथे म्हणेल की प्रेम मोजत नाही. मोजू लागले की प्रेम आटते. आई मुलाचा खर्च लिहून ठेवत नाही. खरे आहे, आणि जिथे खरोखर मोजलेच जात नाही तिथे वही उघडण्याचे कारणही नाही. पण न लिहिणारे सगळेच न मोजणारे असतात का? नात्यागोत्यात सर्वांत कठोर वसुली होते ती अलिखित उपकारांची. त्यांना मुद्दल ठरलेले नसते, व्याजाचा दर नसतो, दामदुपटीची मर्यादा नसते, आणि फेडून झाले असे म्हणायला पावतीही नसते. लिहिलेले खाते बाकी शून्य झाली की बंद करता येते. मनातले खाते दर सणाला नव्याने उघडते. म्हणून हिशेबाने मन कोते होते असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. मन आधीच कोते असेल तर हिशेब त्याला निदान मर्यादा घालून देतो.

याहून जड आक्षेप इतिहासाचा आहे. लिहिलेला हिशेब ज्याच्या हातात लेखणी आहे त्याचे शस्त्र असतो. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला मे 1875 मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला तेव्हा त्यांचा मुख्य रोख जिवांवर नव्हता, कागदांवर होता: गहाणखते, रोखे, वह्या मिळतील तशा जाळल्या गेल्या आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. निरक्षर कुळाने अंगठा उठवलेला आणि त्याला कधीही वाचून न दाखवलेला कागद न्यायालयात खरा ठरत होता. ज्यांनी तो जाळला त्यांना लेखांकनाची महती सांगायला जाणे निर्लज्जपणाचे होईल. मात्र पुढे काय झाले तेही पाहावे. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जदाराला पावती व हिशेब मिळण्याची सोय केली. त्या कायद्यात त्रुटी होत्या आणि सावकारांनी पळवाटाही काढल्या, पण उपायाची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे: अन्यायी वहीवरचा उतारा म्हणून कायद्याने वही बंद केली नाही, ती ऋणकोपुढे उघडली. म्हणजे माझ्या विधानाला एक अट जोडावी लागते. ज्याच्या नावे बाकी लिहायची त्याला ती नोंद पाहता आली पाहिजे, तिचे प्रमाणक (व्हाउचर) मागता आले पाहिजे, नाकारता आले पाहिजे.

ही अट मान्य केली की आपल्या धर्मविचारातल्या सर्वांत मोठ्या वहीपाशी येऊन थबकावे लागते. चित्रगुप्ताच्या वहीत जन्माला येतानाच मागील बाकी ओढलेली असते. बाकी कशाची ते खातेदाराला सांगितले जात नाही, प्रमाणक एकही नाही, तपासनीस नाही. आणि तिच्या आधारावर कोणी देवळाच्या आत उभा राहतो, कोणी बाहेर. लेखापरीक्षणाला आलेल्या नवशिक्या उमेदवारानेही असली बाकी मान्य करू नये. कर्मसिद्धान्ताचे समर्थक म्हणतील की संचित हे साहुकारी येणे नाही, तो कार्यकारणाचा नैतिक नियम आहे आणि माणसाला आपल्या कृतीची जबाबदारी घ्यायला तो शिकवतो. या जन्मापुरते हे मला मान्य आहे. पण मागच्या जन्माची बाकी जबाबदारी शिकवत नाही, ती जबाबदारी सरकवते. आज जो उपाशी आहे त्याचे देणे त्याच्याच नावे टाकून समाज मोकळा होतो. डॉ. आंबेडकरांनी 1957 साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथात नेमके याच अंगाने पूर्वकर्माच्या कल्पनेवर बोट ठेवले: गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, एवढाच या कल्पनेचा उपयोग. मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलेल्या आणि पुढे बाटलीबॉय यांच्या लेखापालन प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायद्याची व्याख्याने दिलेल्या माणसाला मागील बाकीचे प्रमाणक मागावेसे वाटले, यात मला नवल वाटत नाही. दापोडीहून लोणावळा लोकलने चार स्थानके ओलांडली की देहू रोड येते. तिथे 25 डिसेंबर 1954 ला त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तुकोबांचे देहू तिथून जवळच आहे.

आणि इथून वाद उलट दिशेने फिरतो. मागच्या जन्माची बाकी खोटी ठरली तरी शतकानुशतके ज्यांचे श्रम, पाणी, शिक्षण आणि मान काढून घेतला त्यांचे येणे खोटे ठरत नाही, ते फक्त योग्य पानावर येते. त्यावर 'झाले गेले, आता विसरा' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि या सल्ल्याला ते क्षमाशीलता, समरसता अशी चांगली नावे देतात. इंद्रायणीत कागद बुडवले ते धनकोने. ऋणकोने आपल्या वहीतले देणे स्वतःच खोडले तर त्याला लेखांकनात माफी म्हणत नाहीत, खोटा ताळेबंद म्हणतात. फार जुने देणे मुदतबाह्य होते, हे युक्तिवाद म्हणून सांगता येईल. पण आपल्या कायद्यात मुदत गेली की दावा अडतो, देणे मरत नाही. आणि मुदत गेलेले देणे फेडण्याचे वचन ऋणकोने लिहून सही करून दिले, तर करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे ते पुन्हा बंधनकारक होते. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम 17 आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक व आर्थिक हिताची विशेष काळजी घेण्याचे वचन देणारे कलम 46 ज्या संविधानात आहेत, त्याच्यावर संविधान सभेच्या सदस्यांनी 24 जानेवारी 1950 रोजी सह्या केल्या आहेत.