न कळणाऱ्या शब्दांचें गाणें

फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकारांची 'सत्याग्रह' ही संगीतिका १९८० सालीं रॉटरडॅम येथें प्रथम रंगभूमीवर आली. विषय गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेंतील लढा. पण पात्रें गातात तीं आरंभापासून अखेरपर्यंत भगवद्गीतेंतील संस्कृत वचनें. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन रंगगृहांत प्रत्येक खुर्चीपुढें भाषांतर दाखविण्याची सोय आहे. या संगीतिकेपुरती ती बंद ठेवण्यांत आली; मधूनमधून एखादें इंग्रजी वाक्य पडद्यावर उमटे, इतकेंच.

ज्यास शब्द कळत नाहींत त्याच्यापुढें धर्माधर्माची गोष्ट गाणें प्रामाणिकपणाचें आहे काय? गीतेचे अध्याय मुखोद्गत असणाऱ्या आमच्या घरांतूनहि अर्थाची विचारपूस क्वचितच होते, तेव्हां आम्हीं फार ताठ मानेनें बोलूं नये हें खरें. तथापि ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं जी गीता मराठींत आणली, तीच ग्लास यांनीं बुद्धिपुरस्सर संस्कृतांत ठेवली, हें मनास टोंचतें.

त्यांच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. अर्थामागें धांवण्यांतून सुटलेला कान स्वरांकडे वळतो. वाद्यवृंदांत तंतुवाद्यें, लाकडी सुषिरवाद्यें आणि ऑर्गन एवढींच. पितळी कर्णे नाहींत, नगारे नाहींत. लढ्याच्या नाटकांत रणवाद्यच नसावें, ही कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. अखेरीस गांधीजींचें पात्र एकच चढती स्वरपंक्ति पुनःपुन्हां गातें. ध्वनिमुद्रिका ऐकतांना आम्हांस प्रथम कंटाळा आला, हें कबूल केलें पाहिजे. पुढें कंटाळाहि थकला, आणि धीर कशास म्हणतात तें अंगास कळूं लागलें. भाषांतर वाचून तें कळलें नसतें.

परंतु १ डिसेंबर २०११ च्या रात्रीं मेट्रोपोलिटनमधील प्रयोग संपला, तेव्हां धनिकांच्या सत्तेविरुद्ध त्या वर्षीं उठलेल्या चळवळीचे लोक बाहेर थंडींत, पोलिसांच्या कठड्यापाशीं जमले होते. ग्लास स्वतः त्यांच्यांत गेले. ध्वनिवर्धक नव्हता, ते एक तुकडा म्हणत आणि जमाव तो मोठ्यानें पुढें पोंचवी. शब्द संगीतिकेच्या अखेरचे, चौथ्या अध्यायांतले, धर्म क्षीण झाला कीं मी पुन्हां जन्म घेतों या अर्थाचे. ते त्यांनीं तीनदां म्हटले, आणि इंग्रजींत म्हटले.

तिकीट काढून बसलेल्यांस जो अर्थ दिला नाहीं, तो रस्त्यावरच्यांस दिला! यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. ज्यांस त्या शब्दांवर पाऊल टाकावयाचें होतें, त्यांस ते कळणें अवश्य होतें. मात्र आंतील श्रोत्यांपैकीं कोणासहि पाऊल टाकावयाचें नाहीं, असें अगोदरच कां धरून चालावें? त्या रात्रीं त्यांतले कांहींजण पोलिसांनीं दाखविलेली वाट सोडून, पायऱ्या उतरून जमावांत येऊन उभे राहिले होते.